भूमिका-खेळांतील कौशल्ये : परीक्षा पात्राची की खेळणाऱ्याची?

सोंगटी

नमस्कार. आम्ही सहा जण गेली चार वर्षे दादरला एका मित्राच्या घरी दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, ज्यात प्रत्येक जण एका पात्राच्या वतीने बोलतो आणि वागतो. नियमपुस्तके इंग्रजीत असली तरी टेबलावरचे सगळे बोलणे मराठीत होते आणि गोष्ट सांगून निकाल देणाऱ्या सूत्रधाराचे काम माझ्याकडे असते. गेल्या रविवारी जे घडले त्यामुळे मी आठवडाभर अस्वस्थ आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

प्रसंग असा होता. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद होतात, आमची पात्रे पोहोचली तेव्हा ते बंद झाले होते, आणि आत पडलेल्या एका जखमी शिपायापर्यंत त्याच रात्री औषध पोहोचणे आवश्यक होते. आमच्यातील एक मैत्रीण ड्वार्फ, म्हणजे बुटक्या पण दणकट वंशाच्या, रांगड्या सैनिकाचे पात्र खेळते. तिने द्वारपालाशी तीन मिनिटे बोलणे केले. तू कोणाचा हुकूम पाळतोस, आत पडलेला माणूस तुझ्याच पहाऱ्यावरचा आहे हे तुला माहीत आहे का, उद्या त्याच्या घरच्यांना तू काय सांगशील, असे एकेक विचारत तिने त्याला अशा जागी आणून ठेवले की टेबलावर कोणी चहाच्या कपालाही हात लावला नाही. त्यानंतर नियमाप्रमाणे मी तिला मन वळवण्याच्या कौशल्यासाठी फासा टाकायला सांगितला. वीस बाजूंच्या फाशाच्या दानात पात्राचा गुणक मिळवून सूत्रधाराने ठरवलेले लक्ष्य गाठायचे असते. लक्ष्य १५ होते, तिच्या पात्राचा गुणक उणे १, आणि दान पडले ४. द्वारपालाने नकार दिला असे मी सांगितले. तिने शांतपणे विचारले, “मग मी बोलले कशाला?” मला उत्तर देता आले नाही.

त्याच दुपारी उलट गोष्टही घडली. आमचा एक मित्र मुळात कमी बोलणारा आहे आणि तो गाणाऱ्या बार्डचे पात्र खेळतो, ज्याचा याच कौशल्यातील गुणक अधिक ७ आहे. तो एवढेच म्हणाला, “मी व्यापाऱ्याला पटवतो.” दान १६, एकूण २३, आणि माल अर्ध्या किमतीत मिळाला. त्यावर कोणीही हरकत घेतली नाही.

कौशल्यांची यादी पात्रासाठी असते हे मला मान्य आहे. परंतु ती खेळणाऱ्याचे बोलणे पुसून टाकत असेल, तर आपण टेबलाभोवती बसून नेमके काय करतो? आपापल्या टेबलावर आपण हे कसे सोडवता?

आडवाट

सोंगटी, हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे, आणि तो कोठून आला हे पाहिल्यास उत्तराला थोडी मदत होईल.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये मूळ खेळ काढला तेव्हा त्यात कौशल्यांची यादीच नव्हती. योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे पात्रांचे तीनच वर्ग होते. अडकलेले दार खांदा मारून उघडण्यासारख्या थोड्या कामांना सहा बाजूंच्या फाशावर संधी दिलेली होती, बाकी सारे खेळणारा काय सांगतो आणि सूत्रधाराला ते कितपत पटते यावर चाले. १९७५ च्या पुरवणीत चोराचा वर्ग आला आणि त्याच्याबरोबर टक्केवारी आली. १९७८ च्या नियमपुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची संधी २५ टक्के, आवाज न करता चालण्याची १५ टक्के आणि सावलीत लपण्याची अवघी १० टक्के दिलेली आहे. भिंत चढण्याची मात्र ८५ टक्के.

आता या आकड्यांनी काय केले ते पाहा. आदल्या वर्षापर्यंत कोणताही योद्धा जोडे काढून, चिलखत उतरवून भिंतीच्या कडेने दबकत जाऊ शकत होता आणि सूत्रधार त्याला जाऊ देत होता. चोराच्या नावापुढे ‘१५ टक्के’ लिहिले गेल्यावर पुष्कळ टेबलांवर असा अर्थ लावला गेला की ज्याच्या नावापुढे काहीच लिहिलेले नाही त्याला ते येतच नाही. यादीत एखादे काम आले की ते यादीबाहेरच्या माणसांच्या हातून जाते. आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच घडले असे मला वाटते. मन वळवणे हे कौशल्य म्हणून लिहिलेले होते, म्हणून तिचे बोलणे हे बोलणे न राहता फासा टाकण्यापूर्वीची प्रस्तावना ठरले.

पिंपळपान

मला बार्ड खेळणाऱ्या मित्राची बाजू मांडायची आहे, कारण मी त्याच्यासारखीच आहे. तलवार चालवणाऱ्या पात्राच्या खेळाडूला आपण कधी उठून तलवार फिरवून दाखवायला सांगत नाही. मग वाक्पटू पात्राच्या खेळाडूकडून वक्तृत्वाची अपेक्षा का ठेवायची? चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि आठवड्यातून एक दुपार तरी जिच्या बोलण्याला दरबार गप्प होतो अशी कोणीतरी होता यावे, म्हणून मी या खेळाकडे आले. केवळ बोलण्यावर निकाल द्यायचा ठरवला तर जी माणसे बाहेर बोलकी आहेत तीच येथेही जिंकतील.

आडवाट

पिंपळपान, हे मान्य आहे आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक फरक मात्र नोंदवतो. तलवारबाजी करून दाखवावी लागत नसली तरी कोणावर आणि कोठे उभे राहून वार करायचा, केव्हा माघार घ्यायची, हे खेळाडूच ठरवतो. ते डावपेच आपण फाशावर सोडत नाही. बोलण्यातही शब्दांची सफाई पात्राची असू शकते, पण द्वारपालासमोर कोणती गोष्ट ठेवायची ही निवड खेळाडूची असावी.

अंकगणित

नियमांवर बोलण्यापूर्वी आकडे पाहू.

वीस बाजूंच्या फाशाची प्रत्येक बाजू ५ टक्क्यांची. लक्ष्य १५ आणि गुणक उणे १ असताना १६ किंवा त्याहून मोठे दान लागते, म्हणजे संधी २५ टक्के. तीन मिनिटांच्या त्या बोलण्यानंतरही संधी २५ टक्केच राहिली, याचा अर्थ सोंगटी यांनी त्या बोलण्याला शून्य किंमत दिली. पाचव्या आवृत्तीतील अनुकूलता दिली असती, म्हणजे दोन फासे टाकून मोठे दान धरू दिले असते, तर संधी जवळपास ४४ टक्के झाली असती. लक्ष्य १५ वरून १० वर आणले असते तर ५० टक्के. दोन्ही गोष्टी सूत्रधाराच्या अधिकारातल्या आहेत. बार्डला त्याच १५ च्या लक्ष्यासाठी ८ पुरतात, म्हणजे ६५ टक्के.

येथे एक मोठा दोष दिसतो. शिकलेला, गुणी बार्ड तीन प्रयत्नांत साधारण एकदा अपयशी ठरतो आणि अडाणी सैनिक चारांत एकदा यशस्वी होतो. एकाच फाशाचे दान सपाट असते, मधले आकडे जास्त वेळा पडत नाहीत. १९८६ च्या ‘गर्प्स’ या दुसऱ्या भूमिका-खेळात सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज कौशल्याच्या आकड्याएवढी किंवा त्याहून कमी आणायची असते. तेथे कौशल्य १२ असेल तर यश ७४ टक्के आणि १४ असेल तर जवळजवळ ९१ टक्के. जाणकार माणूस क्वचितच चुकतो, आणि आपल्या रोजच्या अनुभवाशी हे अधिक जुळते.

आणखी एक हिशेब, जो प्रत्येक सूत्रधाराने एकदा करून पाहावा. पाच पात्रे आहेत, प्रत्येकाची संधी ५५ टक्के आहे. पाचही जण खोली शोधत असतील आणि एकाला सापडणे पुरेसे असेल, तर यश ९८ टक्के. तेच पाच जण पहारेकऱ्याजवळून दबकत जात असतील आणि एकाच्या चुकीने सगळे पकडले जाणार असतील, तर यश केवळ ५ टक्के. फासा तोच, गुणक तोच. पाचव्या आवृत्तीत गटाने एकत्र फासे टाकून निम्म्यांना यश मिळाले तर गट यशस्वी धरावा असा नियम आहे, त्याने हीच संधी ५९ टक्के होते. सूत्रधार हा नियम विसरला की खेळाडू लपूनछपून जाण्याचे सोडून देतात आणि आपले खेळाडू सदा मारामारीच का करतात असा प्रश्न त्याला पडतो.

तिसरी घंटा

अंकगणित यांच्या हिशेबात इतिहासाची एक भर घालतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कौशल्याचे गुण विकत घेता येत आणि कमाल मर्यादा पातळी अधिक ३ होती. दहाव्या पातळीला एकाकडे १३ गुण आणि शेजारच्याकडे शून्य अशी स्थिती येई. मग सूत्रधाराने कोणतेही लक्ष्य ठेवले तरी ते एकाला फार सोपे तरी होई किंवा दुसऱ्याला फार कठीण. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने प्रावीण्याचा, म्हणजे शिकलेल्या कौशल्यासाठी मिळणारा, गुणक अधिक २ ते अधिक ६ एवढाच ठेवला तो यासाठी. अडाणी सैनिक चारांत एकदा जिंकतो हा अंकगणित यांनी दाखवलेला दोष म्हणजे त्या सुधारणेची किंमत आहे. मी दोन्ही आवृत्त्या खेळलो आहे आणि मला ही किंमत मान्य आहे, कारण त्यामुळे टेबलावरचा प्रत्येक जण प्रत्येक प्रसंगात भाग घेतो.

गडवाट

सूर्यास्त, बंद झालेले गडाचे दरवाजे आणि आत पोहोचण्याची निकड वाचून मला हिरकणी आठवली. तिच्या कथेत दिशा उलटी आहे, ती रायगडावर अडकली आणि तान्ह्या बाळासाठी कडा उतरून खाली गेली. त्या कड्यावर तिला फासा टाकायला सांगणारा सूत्रधार मला नको आहे. तिने काय पणाला लावले आणि महाराजांनी पुढे तेथे बुरूज बांधून तिचे नाव का दिले, यात त्या कथेचा जीव आहे, पाय घसरला की नाही यात नाही.

मी सह्याद्रीत वीस वर्षे फिरतो आहे, त्यामुळे चढण्याच्या कौशल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. हरिहरच्या जवळजवळ उभ्या, कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर नवखा माणूससुद्धा चढून जातो, कारण खोबण्या हाताला लागतात आणि नजर वर असते. खरी परीक्षा उतरताना असते. तोच माणूस, तोच कातळ, पण पाऊस पडून गेलेला असेल, पाठीवर ओझे असेल किंवा मागे घाबरलेले पोर असेल तर सगळे बदलते. सूत्रधार जेव्हा केवळ “चढण्यासाठी फासा टाका” म्हणतो तेव्हा यातले काहीच खेळात येत नाही. शिवाय तो दर तीस फुटांना फासा मागत असेल, तर अंकगणित यांच्याच हिशेबाने ५५ टक्क्यांचा माणूस तीन टप्पे पार करण्याची संधी १७ टक्क्यांच्या आत येते. असे असते तर सह्याद्रीतले निम्मे ट्रेकर घरी परतले नसते.

ल्यूक क्रेन यांच्या ‘बर्निंग व्हील’ या खेळात यावर एक साधा नियम आहे : एका हेतूसाठी एकदाच फासा, आणि परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच निकाल कायम. सूत्रधार पुन्हा मागू शकत नाही आणि खेळाडूही पुन्हा टाकू शकत नाही. हा नियम मी कोणताही खेळ खेळताना वापरतो. त्याच्या जोडीला आम्ही फासा टाकण्यापूर्वीच अपयशाचा अर्थ ठरवतो. घसरून मृत्यू हा त्यांतला एकच अर्थ झाला. दोर वरच राहिला, उजाडले, ओझ्यातला शिधा दरीत गेला, खाली कोणीतरी दगडांचा आवाज ऐकला, हेही अर्थच आहेत. “काहीच घडले नाही” हा मात्र अर्थ नव्हे. द्वारपाल नुसता “नाही” म्हणाला आणि प्रसंग तेथेच थांबला, ही माझ्या मते सोंगटी यांच्या रविवारची खरी अडचण आहे.

दर्यावर्दी

आपण सगळे बोलण्याच्या कौशल्यावर अडकलो आहोत, परंतु ज्ञानाच्या कौशल्यांमध्ये हाच पेच अधिक कठीण असतो.

माझे घराणे वेसावे गावचे, कोळी. आमच्या खेळात एकदा खाडीच्या मुखाशी बोट घालायची होती आणि भरती केव्हा येणार हे ठरवायचे होते. आकाशात अष्टमीचा चंद्र आहे असे सूत्रधाराने वर्णनात आधीच सांगितले होते. मी लगेच म्हटले, सहाच्या सुमाराला. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या आसपास येते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हे मी शाळेत जाण्यापूर्वी आजोबांकडून शिकलो. सूत्रधाराने फासा न मागता ते मान्य केले. दुसऱ्या एका खेळाडूला ते अजिबात पटले नाही. त्याचे म्हणणे होते की माझे पात्र डोंगरात वाढलेला जादूगार आहे, त्याने समुद्रच पाहिलेला नाही, मग त्याला तिथीची पाऊणपट कशी ठाऊक?

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि तरीही त्या क्षणी आजोबांचे बोलणे त्या खेळात आले याचा मला जो आनंद झाला तो मी सोडायला तयार नव्हतो. शेवटी आम्ही पात्रच बदलले. २०१३ च्या ‘थर्टीन्थ एज’मध्ये कौशल्यांची यादी नाही, पात्राला ८ गुण मिळतात आणि ते आपण स्वतः लिहिलेल्या पूर्वायुष्यावर वाटायचे असतात. ती पद्धत आम्ही उचलली. माझ्या जादूगाराच्या नावापुढे आता ‘कोळीवाड्यात वाढलेला’ ५ आणि ‘मठातून पळालेला’ ३ असे लिहिलेले आहे. जाळे विणणे, वाऱ्याचा रोख ओळखणे, बाजारात मासळीचा भाव करणे, भांडणात आवाज चढवणे, हे सगळे पहिल्या ओळीत आपोआप येते. पाचव्या आवृत्तीतील अठरा कौशल्यांच्या यादीत यांपैकी एकालाही स्वतःचे घर नव्हते.

अंकगणित

दर्यावर्दी, या पद्धतीत चतुर खेळाडू प्रत्येक प्रसंगाला आपले पूर्वायुष्य चिकटवतो, हा अनुभव आपल्याला आला नाही का?

दर्यावर्दी

आला. त्याला आम्ही एकच अट घातली : गुण वापरायचा असेल तर तेव्हाचा एखादा प्रसंग दोन वाक्यांत सांगायचा. ज्याला प्रसंग सुचत नाही तो स्वतःच मागे घेतो. या अटीमुळे आमच्या पात्रांची लहानपणे आम्हाला कळली, जी चार वर्षांत कळली नव्हती.

रियाज

कौशल्य वापरण्यावर भरपूर चर्चा झाली, ते वाढते कसे यावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

मी लहानपणी मल्लखांब केला आणि आता तबला शिकते. दोन्ही ठिकाणी मला एक गोष्ट सारखी दिसली, ती अशी की सुरुवातीला महिन्यामहिन्याला फरक पडतो आणि पुढे एका बोलाच्या सफाईसाठी वर्ष जाते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्र राक्षस मारते आणि त्या अनुभवावर पातळी वाढली की त्याचे वैद्यकाचे ज्ञानही वाढते, हे मला कधीच पचले नाही. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने हे फार सुंदर सोडवले आहे. तेथे प्रत्येक कौशल्य टक्क्यांत असते. साहसात ते यशस्वीपणे वापरले की त्यापुढे खूण करायची आणि नंतर सुधारणेसाठी पुन्हा शतमान (१ ते १०० आकडा देणारे) फासे टाकायचे, मात्र या वेळी आपल्या कौशल्याहून मोठा आकडा आला तरच वाढ होते. ज्याचे कौशल्य ३० टक्के आहे त्याला वाढीची संधी ७० टक्के, ज्याचे ९० आहे त्याला केवळ १०. एवढ्या एका उलट फाशात रियाजाचे सगळे सत्य आले आहे.

यात एक दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. खूण मिळावी म्हणून खेळाडू नको तेथे नको ते करू लागतात. आमच्या एका मोहिमेत सगळे जण प्रत्येक झाडावर चढत होते. शेवटी सूत्रधाराने सांगितले की ज्या चढण्याने गोष्टीत काही बदलले नाही त्याला खूण नाही, आणि झाडे मोकळी झाली.

अक्षरवेळ

माझा मुद्दा भाषेचा आहे आणि तो मूळ प्रश्नाशी थेट जोडलेला आहे.

आम्ही गेल्या वर्षी अठराही कौशल्यांना मराठी नावे दिली. प्रथम शब्दकोश पाहून केली आणि ती सगळी टाकून द्यावी लागली, कारण ‘अवगमन’ म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे काही येत नव्हते. मग टेबलावर जे शब्द आपसूक तोंडी येत होते ते धरले. इंग्रजी ‘पर्सेप्शन’साठी ‘चाहूल’ धरले आणि खेळ बदलला. तिसऱ्या आवृत्तीत ऐकणे आणि पाहणे ही दोन वेगळी कौशल्ये होती, पुढच्या खेळांनी ती एक केली. आपल्याकडे चाहूल ही कानाने, त्वचेने, कधी नुसत्या मनाने लागते, आणि तो शब्द वापरल्यापासून आमचा सूत्रधार “तुम्हाला एक माणूस दिसतो” असे म्हणत नाही, “झाडीत काहीतरी थांबल्यासारखे वाटते” असे म्हणतो. ‘इनसाइट’ला ‘पारख’ केले, हातचलाखी ही हातचलाखीच राहिली, दहशतीसाठी ‘धाक’ ठेवला.

सर्वांत जास्त वाद झाला तो ‘पर्सुएशन’वर. पहिले तीन महिने आम्ही त्याला ‘मनधरणी’ म्हणत होतो. तेव्हा सगळी पात्रे गयावया करत. नंतर ‘रदबदली’ केले, तर खेळाडू लगेच कोणाच्या ओळखीने काम होईल ते शोधू लागले, दुसऱ्यासाठी शब्द टाकू लागले. ‘समजूत घालणे’ म्हटले की आवाज खाली येई. एका इंग्रजी शब्दाच्या पोटात आमच्याकडे अशी अनेक वेगळी कामे होती, आणि ती वेगवेगळी माणसे चांगली करत होती. आता आम्ही खेळाडूला आधी विचारतो, तू यांपैकी काय करतो आहेस?

सोंगटी, आपल्या मैत्रिणीने द्वारपालाची मनधरणी केली नाही. तिने त्याला त्याच्या कर्तव्याची आठवण दिली, एका शिपायाने दुसऱ्या शिपायाला द्यावी तशी. मन वळवणे एरवी करिष्मा या मूलगुणाशी जोडलेले असते, पण ड्वार्फ सैनिकाला हे करिष्म्याने करावे लागत नाही. पाचव्या आवृत्तीत कौशल्य दुसऱ्या मूलगुणाशी जोडण्याचा ऐच्छिक नियम आहेच, तो येथे वापरता आला असता.

तिसरी घंटा

याच द्वारपालाबद्दल २०२४ च्या सुधारित नियमांत उपयोगी मांडणी आहे. समोरचा माणूस राजी असेल तर फासा नाही, तो मुळीच राजी होणार नसेल तरीही फासा नाही. तो कुंपणावर असेल तरच फासा. म्हणजे बोलणे आधी ऐकायचे, त्याने द्वारपाल कोठे सरकला ते ठरवायचे आणि मग फाशाची गरज आहे का ते पाहायचे. सोंगटी यांनी यातली मधली पायरी गाळली.

खिडकी

दोन फाशांच्या खेळांचा उल्लेख राहिला. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’पासून निघालेल्या खेळांत सहा बाजूंचे दोन फासे टाकतात : १० किंवा अधिक म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे यश पण काही मोबदला देऊन, ६ किंवा कमी म्हणजे सूत्रधाराची पाळी. गुणक शून्य असेल तर मधली पायरी १५ छत्तीसांश, जवळपास ४२ टक्के वेळा येते. मोबदला मागणारा द्वारपाल नकार देणाऱ्या द्वारपालापेक्षा नेहमीच जास्त लक्षात राहतो. कल्पनारम्य साहसासाठी हीच पद्धत २०१२ च्या ‘डंजन वर्ल्ड’मध्ये मिळेल.

निशिगंध

ड्वार्फ सैनिकाचे पात्र खेळणारी मीच. सोंगटीने धाग्याचा दुवा पाठवला तेव्हा उत्तर द्यावे की नाही असा विचार करत होते, पण इतक्या लोकांनी इतक्या आस्थेने लिहिले आहे की गप्प राहणे बरे वाटत नाही.

मी हरले याचे मला वाईट वाटले नाही. दान ४ पडले, ते पडणारच कधीतरी. मला लागले ते वेगळेच. मी त्याला विचारले होते, आत पडलेला तुझ्या पहाऱ्यावरचा आहे हे तुला माहीत आहे का? त्या प्रश्नाला द्वारपालाने उत्तरच दिले नाही. “तो नकार देतो,” एवढेच आले. जणू मी बोललेच नव्हते. त्याने “माहीत आहे, पण चावी हवालदाराकडे असते आणि मी जागा सोडली तर माझी मान जाते” असे म्हटले असते, तर ते अपयशच ठरले असते, दार बंदच राहिले असते, पण माझे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचले असते. गडवाट यांनी “काहीच घडले नाही हा अर्थ नव्हे” असे लिहिले आहे, ते मी दोनदा वाचले.

पिंपळपान यांचे म्हणणेही मला शंभर टक्के पटते. आमच्या मित्राचा बार्ड जिंकला याचा मला आनंदच झाला होता. माझ्या बोलण्याला किंमत मिळावी म्हणून त्याची किंमत कमी व्हावी असे मला मुळीच वाटत नाही.

पिंपळपान

निशिगंध, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक सुचवते. आमच्याकडे आधी फासा टाकतात आणि मग बोलतात. निकाल कळलेला असतो, त्यामुळे दान चांगले पडले तर मी मोकळेपणाने बोलते कारण आता फसण्याची भीती नसते, आणि दान वाईट पडले तर बोलके खेळाडू त्या अपयशाचेच सुंदर दृश्य करतात. ज्याला बोलायचे नाही त्याने कोणता मुद्दा मांडला तेवढे एका वाक्यात सांगितले तरी चालते.

आडवाट

मी या पद्धतीविरुद्ध आहे, कारण निकाल आधी कळला तर द्वारपालासमोर काय ठेवायचे ही निवड निरर्थक होते. पण पिंपळपान यांच्यासाठी त्या पद्धतीने टेबल उघडले असेल तर माझी हरकत मी मागे ठेवतो. मुद्दा फाशाआधी सांगायचा आणि संवाद फाशानंतर करायचा, असा मधला मार्ग निघू शकेल.

सोंगटी

काल रविवार होता, म्हणून काय केले ते कळवतो.

खेळ सुरू करण्यापूर्वी मी निशिगंधची सर्वांसमोर क्षमा मागितली आणि दाराचा प्रसंग जेथे सुटला होता तेथूनच पुन्हा उघडला. ४ चे दान मी बदलले नाही, तिनेही बदलू दिले नाही. द्वारपाल या वेळी बोलला. चावी हवालदाराकडे असते हे त्याने सांगितले, जखमी शिपायाचे नाव घेताना त्याचा आवाज बसला, आणि दार उघडता येत नसले तरी औषधाची पुरचुंडी दोरीने वर घेता येईल, असे तोच म्हणाला. पात्रे रात्रभर बाहेर थंडीत राहिली. औषध आत गेले.

पुढे आडवाट यांनी सुचवला तो क्रम धरला : खेळाडूने आधी मुद्दा सांगायचा, मी समोरच्या माणसाची बाजू मनात ठरवायची, गरज असेल तर फासा आणि मग ज्याला हवा त्याने संवाद करायचा. आमच्या मित्राने बार्डच्या वेळी एका वाक्यात मुद्दा सांगितला, “याची मुलगी गाणे शिकते आहे, मी तिच्यासाठी एक पद लिहून देतो.” चार वर्षांत त्याने सांगितलेला हा पहिला मुद्दा होता. त्याने फासा उचलला, पण मी तो टाकू दिला नाही. गरज नव्हती.

अक्षरवेळ, आपली अठरा नावांची यादी येथे पूर्ण टाकाल का? आमच्याकडे ‘चाहूल’ कालपासूनच सुरू झाले आहे, पण ‘सर्व्हायव्हल’वर एकमत होत नाही. तिघे ‘रानवाट’ म्हणतात आणि निशिगंध ‘तग’ म्हणते.

अक्षरवेळ

आज रात्री टाकते. आमच्याकडेही ‘तग’च आहे.